सत्तारभाईंचा दाखला

"मी टेबलावर एकदा टिचकी मारली की तुम्हीही एकदा मारायची. मी दोनदा मारली की तुम्ही काहीच करायचं नाही. हात तसाच ठेवायचा. कळलं?"

नोकरीच्या सगळ्या वर्षांत हे मी किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. ऐकणाऱ्यांतले निम्मे लोक हसायचे. गेवराईकडच्या एका पैलवानानं तर मला तोंडावर विचारलं होतं, "बाई, ह्याच्यासाठी सरकार पगार देतंय का तुमाला?" देत होतं. तो पैलवान पुढच्या दोन मिनिटांत पाच वेळा चुकला आणि मग एकदम गप्प झाला. नको तेव्हा हात हलवायचा नाही, हे त्याला वाटलं होतं तितकं सोपं नव्हतं.

मी बीड जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मानसशास्त्रज्ञ होते. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जी चूक सांगणार आहे ती माझी आहे, दवाखान्याची नाही. गावात मला 'येड्यांची डॉक्टरीन' म्हणत. मी डॉक्टर नव्हते आणि येणारे वेडे नव्हते. माझ्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, कार्डांचा एक गठ्ठा, स्टॉपवॉच आणि टोक केलेल्या पेन्सिली, एवढंच असे. सुई नाही, सलाईन नाही. त्यामुळे पेशंट मला घाबरत नसत, आणि माझं फारसं मनावरही घेत नसत. आठवड्यातून एक दिवस आमची जीप वडवणीला जाई, तीही मुद्दाम बाजाराच्या दिवशी. बाजाराला आलेला माणूस जाता जाता दवाखान्यात डोकावतो. नुसत्या माझ्यासाठी कोणी एसटीत बसून येणार नव्हतं.

माझ्याकडे फिटवाले येत, झोप उडालेल्या बाया येत, आणि डोक्याला मार लागलेले पुष्कळ येत. मोटारसायकलवरून पडलेले, उसाच्या ट्रॅक्टरवरून पडलेले. डोक्याला मार लागला की घरचे दोनच गोष्टी बघतात. माणसं ओळखतो का, आणि बोलतो का. ओळखलं, बोलला, की नारळ फोडतात आणि घरी नेतात. पण कपाळाच्या मागे मेंदूचा एक भाग असतो. डॉक्टर त्याला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात, मी पेशंटच्या घरच्यांना नुसतं 'कपाळामागचा मेंदू' सांगायची. त्याला इजा झाली तर माणूस ओळखतो, बोलतो, पाढे म्हणतो, आणि तरी पहिल्यासारखा राहत नाही.

मेंदूत खोल आत काही भाग असे असतात की गोड पदार्थ, नवी वस्तू, कौतुकाचे दोन शब्द, असं काही समोर आलं की ते 'पाहिजे' म्हणून उठतात. ते सगळ्यांमध्ये असतात आणि असायलाच हवेत, नाहीतर माणूस सकाळी अंथरुणातून उठणार कशाला? कपाळामागचा मेंदू त्यांना विचारत असतो: आत्ता? इथं? हे आपलं आहे का? आणि मग पुढे काय? हे इतकं झटकन होतं की आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ते होईनासं झालं की मगच घरच्यांना कळतं.

तलवाड्याहून एक निवृत्त तलाठी अण्णा येत. अर्धांगाच्या हलक्या झटक्यातून हात-पाय सावरले होते, पण त्यानंतर त्यांना छत्र्यांचा नाद लागला. बाजारात छत्री दिसली की घ्यायची. तेही त्या दुष्काळाच्या वर्षी, जेव्हा दुकानदारानं छत्र्या माळ्यावर टाकून दिल्या होत्या! मुलगा मला म्हणाला, "मॅडम, घरात अकरा छत्र्या झाल्या. गावातले लोक म्हणतात, अण्णांना काहीतरी कळलंय, पाऊस येणार." अण्णांना मी विचारलं, "इतक्या छत्र्या कशाला लागतात?" ते म्हणाले, "लागत नाहीत ओ. एक पण लागत नाही. पण दिसली ना." मुलगा आणि मी दोघंही हसलो होतो. अण्णाही हसले होते.

सत्तारभाईंच्या वेळी मात्र हसणं लवकरच बंद झालं.

सत्तारभाई वडवणीचे. भाऊबंद सगळे गॅरेजवाले, हे एकटे ड्रायव्हर झालेले. दूध संघाचा टँकर चालवत. चाळिशी उलटलेली, उंच, बोलायला गोड. गाडी मागे घेताना आरशात न बघता नुसत्या आवाजावरून भिंतीपासून हातभर अंतरावर उभी करत, असं त्यांचं नाव होतं. दुष्काळाच्या त्याच वर्षी जनावरं चारा छावण्यांत गेली, दूध आटलं, आणि संघाचे टँकर आवारात नुसते उभे राहिले. तेव्हा संघानं ते पाणी पुरवायला लावले. दुधाच्या टँकरमधून गावोगाव पाणी. ते काम सुरू झालं आणि आठवड्याभरात सत्तारभाई मोटारसायकलवरून घरी जाताना घसरले. पुलाच्या कठड्यावर कपाळ आपटलं. तीन दिवस बेशुद्ध, मग हळूहळू बरे. चार महिन्यांनी ते माझ्या खोलीत आले, ते स्वतःच्या पायांनी, हसत हसत, कपाळावर तिरकी खूण घेऊन. सोबत बायको शमीम.

कामावर परत जायच्या दाखल्याचा कागद असा होता की हाडांच्या डॉक्टरांनी आणि मोठ्या डॉक्टरांनी सही केलेली, फक्त 'मानसिक क्षमता' या ओळीसमोर माझा शेरा राहिलेला. तो आला की सत्तारभाई पुन्हा टँकरवर.

त्या सकाळी संघाचे व्यवस्थापक लोखंडे साहेब स्वतः आले होते. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"मॅडम, माझ्याकडे टँकर हायत, डिझेल हाय, ड्रायव्हर न्हाईत. निम्मे ऊसतोडीला बाहेर गेले ते तिकडंच राहिले. डोंगराकडच्या एका वस्तीला पाच दिवस पाणी गेलं न्हाई. तुमच्या एका ओळीसाठी अडलंय."

"तपासल्याशिवाय कसं लिहू?"

"तपासा ना. मी कुठं नको म्हनतो? पन आज तपासा."

मी तपासलं. सत्तारभाईंची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली निघाली. टँकर एवढा, खेप एवढी, गावं एवढी, तर दिवसाला माणशी किती लिटर, हे त्यांनी पेन्सिल न उचलता सांगितलं. रस्त्यात आडवं जनावर आलं तर काय कराल, समोरून एसटी आली आणि रस्ता अरुंद असेल तर काय कराल, सगळी उत्तरं चोख. मग टिचक्या. सुरुवातीला ते तीन-चार वेळा चुकले. मी दोनदा वाजवलं की त्यांचाही हात टेबलावर पडे.

"भाई, दोनदा वाजवलं की थांबायचं."

"कळतंय ओ मॅडम," ते हसून म्हणाले, "कळतंय. हात जातोय."

मीही हसले. पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी ते नीट जमले. मी कागदावर लिहिलं, 'सरावानंतर समाधानकारक.'

बाहेर व्हरांड्यात शमीम उभी होती. ती मोजकं बोलणारी बाई. शिवणकाम करायची, बोटांना सुईचे घट्टे होते. म्हणाली, "मॅडम, एक सांगू का? ह्यांना वास येत न्हाई. परवा दूध नासलं होतं, सगळ्या घरात वास, ह्यांनी गिलासभर पिऊन टाकलं."

"डोक्याला मार लागल्यावर होतं कधी कधी."

"आनि मॅडम, खोलीत तुमी समोर बसलेल्या असता. ह्ये तुमच्यासमोर नीटच वागनार. भाईर एकडाव बघा की. परवा मयतीला गेलतो, तिथं मोठ्यानं हसले. केळीवाल्याच्या गाड्यावरनं केळं उचलतात आनि खात पुढं जातात. इचारलं कावून घेतलं, तर म्हनतात, दिसलं."

'दिसलं.' हाच शब्द मी अण्णांच्या तोंडून ऐकला होता. तिथेच मी थांबायला हवं होतं. पण आत लोखंडे साहेब घड्याळ बघत बसले होते. आमच्या कॉलनीतही तेव्हा आठ दिवसांनी पाणी येत होतं. पाच दिवस म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी कागदाच्या कोपऱ्यात 'वास येत नाही' एवढं लिहिलं आणि खाली शेरा दिला: वाहन चालवण्यास हरकत नाही. सोबत दुसरा माणूस असावा. एका महिन्यानं फेरतपासणी.

पहिलं वाक्य तेवढं संघात पोचलं. दुसरं वाचणाऱ्याला वाचायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सोबत द्यायला त्यांच्याकडे माणूसही नव्हता.

त्या कोपऱ्यातल्या तीन शब्दांविषयी नंतर मी पुस्तकं उघडून बसले. वासाच्या बारीक नसा कपाळामागच्या मेंदूच्या बरोबर खालून जातात. कपाळ जोरात आपटलं की त्या नसा आणि वरचा तो भाग अनेकदा बरोबरच सापडतात. म्हणजे कुठे मार लागलाय हे शमीमनं मला व्हरांड्यात उभं राहून सांगितलं होतं. आणि दुसरी गोष्टही तिनं बरोबर सांगितली होती. माझी खोली शांत होती, समोर फक्त मी होते, एका वेळी एकच काम होतं, आणि चुकलं की मी थांबवत होते. त्या खोलीत सत्तारभाईंच्या कपाळामागच्या मेंदूचं काम मीच करत होते. दाखला मी माझ्याच मेंदूला देऊन बसले होते.

तीन आठवड्यांनी बाजाराच्या दिवशी मी वडवणीच्या दवाखान्यात बसले होते. बाहेर हॉर्नचा गदारोळ उठला. खिडकीतून पाहिलं तर रस्त्याच्या मधोमध पाण्यानं भरलेला टँकर. इंजिन चालू, ड्रायव्हरच्या बाजूचं दार सताड उघडं, आत कोणी नाही. मागे दोन एसट्या अडकलेल्या. सत्तारभाई पलीकडे द्राक्षांच्या गाड्यापाशी उभे राहून खात होते. गाडावाला ओरडत होता, एसटीवाले ओरडत होते. मला पाहिल्यावर त्यांनी आनंदानं एक घड वर केला.

"मॅडम, या! लई गोड हायत."

चढाचा रस्ता नव्हता म्हणून टँकर जागेवर होता, एवढंच.

मी लोखंडे साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, द्राक्षंच खाल्ली ना? मानूस तर नाही ना मारला?"

"साहेब, तो मारेपर्यंत थांबायचं का?"

मग ते म्हणाले, "डोंगराकडच्या त्या वस्तीला रोज सकाळी एक खेप जाते. ती थांबवली तर तुमीच तिथं जाऊन सांगा त्यांना."

"थांबवू नका. उद्या मी त्यांच्याबरोबर जाते. बघून काय ते ठरवते."

माझ्या नोकरीत हे बसत नव्हतं. मी रजा टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरायच्या ठिकाणी मी टँकरच्या केबिनमध्ये चढले. सत्तारभाईंना फार आनंद झाला. सीट पुसली, काच खाली करून दिली. मोकळ्या रस्त्यावर त्यांनी गाडी इतकी सुरेख चालवली की मला स्वतःचीच शंका यायला लागली. प्रत्येक खड्डा त्यांना तोंडपाठ होता. "आता डावीकडं एक येनार... हा बघा." भरलेला टँकर वळणावर कसा ओढतो, आतलं पाणी पुढे-मागे कसं लोटतं, ब्रेक आधीपासून थोडा थोडा कसा द्यावा लागतो, हे त्यांनी मला एखाद्या मास्तरासारखं समजावून सांगितलं. मी मनात म्हणत होते, बाई, तू एका चांगल्या माणसाच्या पोटावर पाय द्यायला निघालीस.

मग डांबरी रस्ता सोडून गाडी वस्तीच्या मातीच्या वाटेला लागली. लांब टेकाडाखाली विहीर दिसत होती. टँकर त्या विहिरीत मोकळा करायचा आणि मग लोकांनी शेंदून घ्यायचं, अशी पद्धत. पण तेवढा धीर कोणाला नसतो. वाटेच्या दोन्ही बाजूंना निळे ड्रम, घागरी, कॅन मांडलेले. टँकर दिसताच माणसं धावत सुटली.

"ऐका आता," सत्तारभाईंचे डोळे चमकले. "माजं नाव घेऊन वरडत्यात."

खरंच ओरडत होती. "सत्तार आला! सत्तार आला!" बाया हात हलवत होत्या. त्या सगळ्या घसा कोरडा पडलेल्या माणसांचा एवढा मोठा आनंद एका माणसाच्या दिशेनं येत होता. मला अजून वाटतं, तिथे शाबूत मेंदूचा माणूसही थोडा हलला असता.

"हितं पयला गियर," ते मला सांगू लागले. "हितं बाया आसत्यात, पोरं आसत्यात. हितं घाई करायची न्हाई. सावकास जायाचं."

ते हे सगळं बोलत होते आणि इंजिनचा आवाज चढत होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. नजर समोर विहिरीवर, चेहऱ्यावर हसू. "सावकास," ते पुन्हा म्हणाले, आणि गाडी आणखी पुढे झेपावली.

वाटेत एक बाई वाकून आपला ड्रम नीट करत होती. तिची पाठ आमच्याकडे होती.

"थांबा!" मी किंचाळले. "सत्तारभाई, थांबा!"

त्यांनी त्याच क्षणी ब्रेक दाबला. पण मागचं पाणी पुढे लोटलं आणि टँकर जागच्या जागी न थांबता घसरत गेला. बाईनं ड्रम सोडून अंग बाजूला टाकलं. पुढच्या चाकाखाली ड्रम फुटला.

मी दार उघडून खाली उतरले, म्हणजे जवळजवळ पडलेच. ती बाई मातीत बसली होती. गयाबाई तिचं नाव. हात चाकापासून वीतभर लांब. तिनं टँकरकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही.

"माजा ड्रम!" ती म्हणाली. "अगं बाई, माजा ड्रम गेला!"

सत्तारभाई वरून हसले. "मावशी, नवा दीन की तुला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा मॅडम. थांबलो का न्हाई?"

मी विचारलं, "भाई, तुम्हीच म्हणालात ना, इथं सावकाश जायचं?"

"म्हनलो की."

"मग?"

ते आपल्या पायाकडे बघत राहिले. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. "म्हनलो," ते म्हणाले. "पाय गेला." आणि मग अगदी हलक्या आवाजात, "मॅडम, तुमी नसत्या तर?"

टँकर विहिरीत मोकळा केला. तो चालवून परत नेण्यासाठी मी वस्तीतल्या एका ट्रॅक्टरवाल्याला गळ घातली. मी हे का करतेय ते लोकांना समजेना. मी सांगितलं, यांच्या डोक्याला मार आहे, यांनी गाडी चालवायची नाही. माणसं माझ्याभोवती गोळा झाली.

"मग उद्या पानी कोन आननार?"

"मी साहेबांना सांगते."

"सांगून पानी येतं का, बाई?"

गयाबाई फुटलेल्या ड्रमचा तुकडा हातात घेऊन उभी होती. ती म्हणाली, "ड्रम गेला तर गेला माय. पन मानूस बंद करू नका."

तिचं म्हणणं अजून माझ्या कानात आहे. ज्या बाईसाठी मी ते करत होते, तीच मला नको म्हणत होती.

त्याच दिवशी मी आधीचा दाखला रद्द करणारं पत्र लिहून संघात दिलं. त्यात माझी चूक माझ्या नावासकट लिहिली. पुढचे दोन दिवस त्या वस्तीला टँकर गेला नाही. ते दोन दिवस मला घरात तांब्या उचलवेना. तिसऱ्या दिवशी परळीहून एक निवृत्त ड्रायव्हर मिळाला. तो आला, हे कळल्यावर मी दवाखान्याच्या स्टोअरमध्ये जाऊन रडून घेतलं.

आठवड्यानं सत्तारभाई दवाखान्यात आले ते भरल्या रांगेसमोर ओरडतच. "ह्या बाईनं माजी भाकर घेतली!" लोक बघायला लागले. मी खाली मान घालून उभी राहिले. त्यांचा आवाज चढत गेला, मग एकाएकी फुटला, आणि ते तिथेच बाकावर बसून रडायला लागले. शमीम मागून आली. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाली, "मॅडम, गाडी तर काडून घेतली. आता काय करायचं ते पन सांगा."

याच्यावर औषधाची गोळी नव्हती. होतं ते नुसतं शिकवणं. जे आतून आपोआप विचारलं जात नाही, ते तोंडानं विचारायचं. मोठ्यानं. समोर काही हवंसं दिसलं की पाय रोवायचे, स्वतःला 'थांब' म्हणायचं, 'हे माझं आहे का' असं विचारायचं, आणि मग हलायचं. सांगायला दोन मिनिटं लागतात. अंगी बाणायला किती लागतील, हे मला ठाऊक नव्हतं. शमीमनं माझं 'थांब' काढून टाकलं. घरात त्यांची बोली वेगळी होती. तिनं 'ठैर' ठेवलं.

मग दर बाजाराला आमची तिघांची वरात निघायची. पुढे सत्तारभाई, मागे शमीम, तिच्या मागे मी. जिलेबीवाला, केळीवाला, खारीवाला. "ठैर," सत्तारभाई मोठ्यानं म्हणत. आजूबाजूची माणसं दचकत. एकदा एका अनोळखी म्हाताऱ्याला वाटलं, त्यालाच म्हणताहेत. तो बिचारा रस्त्यात उभाच राहिला. पहिल्या दिवशी त्यांनी तीन ठिकाणी हात घातला. पाचव्या बाजारी एकाच ठिकाणी. मग दोन आठवडे मन प्रसन्न, आणि आठव्या बाजारी पुन्हा एका गाडावाल्यानं कॉलर धरली. मला प्रत्येक बाजाराच्या आदल्या दिवशी एकच घोर लागलेला असे. उद्या काय होईल? कोणी मारलं तर? शमीम कधी बोलून दाखवायची नाही, पण तिच्या ओढणीचं टोक पिळून पिळून दोरीसारखं झालेलं असे.

लोखंडे साहेबांनी एक केलं. सत्तारभाईंना संघाच्या आवारात कॅन धुवायला ठेवलं. तिथे एकच काम, एकच नळ, आणि देखरेखीला एक कडक म्हातारा. ते जमलं.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. जनावरं छावणीतून घरी आली, दूध वाढलं, टँकर पुन्हा दुधाला लागले. मग एके दिवशी लोखंडे साहेबांचा निरोप आला. "मॅडम, सत्तार आता एकदम नीट हाय. वर्षभर तक्रार न्हाई. फेरतपासणी करा. ड्रायव्हर पायजेतच मला."

या वेळी मी खोलीत तपासलं नाही. बाजारात, गोंगाटात, बसस्टँडवर, दोन आठवडे. ते कुठेही चुकले नाहीत. 'ठैर'सुद्धा आता तोंडातल्या तोंडात म्हणत. संघाच्या कचेरीत आम्ही बसलो तेव्हा कागद माझ्यापुढे होता आणि काय लिहावं हे मला खरोखर कळत नव्हतं. बाजार वेगळा आणि भरलेला टँकर वेगळा. पण एका वर्षाच्या मेहनतीवर काट मारायला मन होईना. शिवाय मागच्या चुकीनं मी इतकी भित्री झाले होते की आता मी विवेकानं घाबरतेय का सवयीनं, हेही मला सांगता येत नव्हतं.

लोखंडे साहेबांनी खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली. "घ्या भाई. मॅडम लिहून देत्यात."

सत्तारभाईंची नजर चावीवर खिळली. मी तो चेहरा ओळखत होते. शमीम पुढे सरकली आणि मधेच थांबली.

सत्तारभाईंनी खुर्ची मागे सारली. उठले, दारापर्यंत गेले, उंबरा ओलांडून बाहेर झाले, आणि तिथून बोलले.

"साहेब, पायजे हाय. लई पायजे हाय. म्हनूनच न्हाई घेत."

"म्हंजे काय बे?" लोखंडे साहेबांना काहीच उमगेना. "अरे, आत तर ये!"

पण ते निघून गेले होते. साहेबांनी चावी उचलून खिशात टाकली आणि मला म्हणाले, "बघा मॅडम. अजून डोकं ठिकाणावर न्हाई."

मी टोपण लावून पेन पर्समध्ये ठेवलं. खिडकीतून आवार दिसत होतं. सत्तारभाई उन्हात, टँकरांकडे पाठ करून, दोन्ही हातांनी लिंबाचं खोड गच्च धरून उभे होते. शमीम त्यांच्यापासून चार पावलांवर थांबली होती. ती जवळ गेली नाही.